बाबांचं बीपी

५ एप्रिल २०२१, सोमवार

मशीन बिघडलं! अख्खी सकाळ त्यातच गेली.

प्रशिकने काल बीपीचं नवीन मशीन आणलं. दंडाला पट्टा बांधायचा, बटण दाबायचं, आकडे दिसतात. टीव्हीवर रोज सांगतात, बीपीवाल्यांना कोरोना झाला तर वाचणं कठीण. तेव्हापासून बाबा म्हणजे काचेचं भांडं. तसे ते आधीही होतेच — रेल्वेत होते तेव्हापासून. पण आता टीव्हीनेच शिक्का मारून दिला.

सकाळी बाबा खुर्चीत बसले, हात टेबलावर. पंखा बंद. शिट्टी होऊ नये म्हणून आईने कुकर गॅसवरून उतरवला. सगळे श्वास धरून उभे. १४८/९२. ‘ठीक आहे,’ बाबा म्हणाले आणि आम्ही सगळे सुटलो. मग रीनाला लहर आली. रीना माझी भावजय, बिलासपूरची पोरगी, मराठी समजतं सगळं पण बोलते हिंदीत. ‘मम्मी, अब आप बैठो.’ आई नको नको म्हणत, पदराला हात पुसत बसली. १९६/११४!

सगळे हसलो. आईसुद्धा हसली. मले काय होते, म्हणाली. डोकं ठणकलं की कपाळाला फडकं बांधून पोळ्या लाटत बसणारी बाई, तिला बाबांपेक्षा जास्त बीपी! बाबा मात्र चिडले. सेल काढून परत घातले, स्वतःच्या हाताला लावून पाहिलं — १४६. ‘पाह्य, माझ्या हाताले बरोबर दाखवून राहिलं. हे मशीन कोणाच्याही हाताले लावाचं नाही.’ मशीन कपाटात, किल्ली खिशात. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आई दिवसभर बोलणी खात होती.

७ एप्रिल

शुक्रवारी संध्याकाळपासून लॉकडाऊन. कलेक्टरचा आदेश आला आणि आमच्या घरात बैठक बसली. बाहेरची कामं कोणी करायची?

बाबा — प्रश्नच नाही. प्रशिक उरल्याला, कारखान्यांच्या वसाहतीत, फॅक्टरीत जातो, तेवढंच पुष्कळ. रीनाला दमा. मला ऑनलाइन शाळा. राहिली आई. तिला बीपी नाही, शुगर नाही, काही म्हणजे काही नाही. बाबा म्हणाले, ‘तूच एक धडधाकट आहे घरात. तुले काय होते?’ आई खूश झाली! खरंच सांगते. ह्या घरात तिच्याबद्दल कोणी चांगला शब्द काढला की ती तो दिवसभर चघळते.

लसीचंही तसंच. बाबांची पहिली मार्चमध्येच झाली. आईचा नंबर आता ह्या महिन्यात आला, पण बाबांना लसीनंतर दोन दिवस अंगदुखी होती. आईलाही तसंच झालं तर बाबांचं पथ्याचं कोण करणार? म्हणून तिची पुढच्या महिन्यात. हे ठरवताना तिला कोणी विचारलं नाही. मीही नाही.

९ एप्रिल

आमच्या बीरगांवच्या बाजारात आज जत्रा होती. सहाच्या आत सगळ्यांना सगळं हवं! आई सकाळी गेली ती दुपारी आली. मेडिकलच्या रांगेत उभी होती, बाबांच्या दोन महिन्यांच्या गोळ्यांसाठी. एकाच्या अंगावर एक माणसं, अर्ध्यांचे मास्क हनुवटीवर. एक बाई तिच्या खांद्यावर खोकत होती म्हणे. आई तिला काही बोलली नाही. बिचारी आजारी दिसत होती, म्हणाली.

बाबांनी गोळ्यांची पाकिटं मोजली आणि कंपनी वेगळी आहे म्हणून आईला परत पाठवलं.

१० एप्रिल

आज वर्गात — म्हणजे ओट्याशी मोबाइल टेकवून — एक मुलगा म्हणाला, ‘मॅडम, आवाज नहीं आ रही.’ कसा येणार? पलीकडच्या खोलीत बाबा झोपले होते. मी सातवीला भूगोल कुजबुजत शिकवते.

ह्या घरात मोठ्याने हसायचं नाही, भांडायचं नाही, रडायचं तर मुळीच नाही. माझं भिलाईचं स्थळ आलं होतं — मुलगा प्लांटमध्ये, मला आवडला होता, त्यालाही मी. बाबांना त्याचे वडील उद्धट वाटले. चार दिवस अंथरुणावर पडून राहिले, कपाळावर हात. आईने माझे पाय धरले. ‘जाऊ दे माय. त्याइचं बीपी वाढून राहिलं.’ नंतर नागपूरचं आलं, तेही बीपीत गेलं. तिसऱ्या वेळी मीच नाही म्हटलं, वेळ वाचवला.

बाबांनी आम्हाला कधी मारलं नाही. हात उगारला नाही. फक्त तो छातीवर ठेवला.

१३ एप्रिल

आई खोकते आहे. उशी तोंडावर दाबून.

मी विचारलं तर म्हणाली, फोडणीचा ठसका लागला. फोडणी सकाळी दिली होती, आता दुपार उलटली. मी प्रशिकला सांगते म्हटलं तर हात धरला — गरम हात. ‘त्याइले ऐकू जाईन. उद्या जयंती आहे, होऊ दे.’ मग मास्क लावून बाबांचा चहा घेऊन गेली. मास्क काहून लावला घरात, असं बाबांनी विचारलं. तुमच्यासाठी, म्हणाली. बाबांना ते पटलं.

१४ एप्रिल

जयंती. मिरवणूक नाही, बॅण्ड नाही. छतावर निळा झेंडा, खाली टेबलावर फोटो, मेणबत्त्या. प्रशिकने मोबाइलवर वंदना लावली. आई भिंतीला धरून उभी होती, पांढऱ्या साडीत. खीर तिनेच केली. मला आणि रीनाला तिने ओट्याजवळ फिरकू दिलं नाही.

दुपारी बाबा म्हणाले, कसकस वाटते. झालं! शंभरच्या थोडा वर ताप. प्रशिक डॉक्टरला फोन करतो आहे, रीना पट्ट्या ठेवते आहे, मी काढा उकळते आहे. शेजारच्या भीमाबाई काकू फाटकावरून विचारून गेल्या. पाहता पाहता सारा पारा, अख्खी गल्ली, गोळा! तेवढ्यात स्वयंपाकघरात पातेलं पडलं. आई खाली बसली होती. चक्कर आली, म्हणाली. आधी पातेल्याच्या आवाजाची माफी मागितली.

१५ एप्रिल

सगळ्यांची तपासणी. आई आणि बाबा पॉझिटिव्ह. आम्ही तिघं नाही.

बाबा आईला म्हणाले, ‘आणला ना घरात?’

१६ एप्रिल

हे नीट लिहायचं आहे. पुढे कोणी काही वेगळं सांगितलं तरी इथे बरोबर असावं.

सकाळपासून प्रशिक बेड शोधत होता. सगळीकडे नाही, नाही, नाही. त्याच्या फॅक्टरीतले सुपरवायझर, हिरालाल भैया, ह्यांच्या ओळखीने एका खासगी दवाखान्यात एक बेड मिळाला. एकच. तासाभरात या, नाहीतर दुसऱ्याला देतो.

भीमाबाई काकूंचं बोटाला लावायचं मशीन आणलं होतं. बाबांचं ऑक्सिजन ९५. आईचं ९०. मी दोघांची बोटं बदलून पुन्हा पाहिलं. तेच.

प्रशिकने मला बाहेर बोलावलं. ‘दीदी, बाबांले बीपी आहे. डॉक्टर लोक हेच बोलून राहिले, बीपीवाल्याले एक मिनिट ठेवाचं नाही घरी. मम्मी टिकन. मम्मीले काय नाही.’ मी म्हटलं, पण नव्वद. तो म्हणाला, ‘बीपी तं नाही ना!’ आणि मला ते पटलं. लिहून ठेवते — मला पटलं. इतकी वर्षं जे ऐकत आले तेच खरं वाटलं. जखम मांडीला आणि मलम शेंडीला!

आई दाराशी बसली होती. तिने ऐकलंच असणार. ‘त्याइले न्या,’ म्हणाली. ‘मी काढा पेतो. मले काय होते?’ बाबांची बॅग तिनेच भरली. टॉवेल, कंगवा, चष्म्याचं घर, गोळ्या. प्रत्येक वस्तूमागे दम घ्यायला थांबत होती.

बाबा गाडीत बसताना मागे वळले नाहीत. बॅगेत पावडर टाकली का, एवढं विचारलं.

१७ एप्रिल

आईला सरकारी दवाखान्यात नेलं. बेड नाही. व्हरांड्यात, स्ट्रेचरवर. ऑक्सिजनची एक नळी दोघींत — शेजारच्या म्हातारीची मुलगी आणि मी आळीपाळीने धरत होतो.

एक पोरसवदा डॉक्टर आला, अंगावर तो पांढरा प्लास्टिकचा झगा, चष्म्यावर वाफ. आईच्या दंडाला पट्टा बांधला. बघितलं, परत बघितलं. मला विचारलं, ‘बीपी कब से है?’

मी म्हटलं, बीपी नाही हिला. बीपी माझ्या वडिलांना आहे.

‘कभी नापा था?’

मला ते मशीन आठवलं. आई हसत होती, आम्ही सगळे हसत होतो. आमच्या घरात बीपी एकाच माणसाला असू शकतं, तेव्हा मशीन खोटं! सेल काढून परत घातले!

तो चिडला नाही, चिडायलाही त्याला वेळ नव्हता. म्हणाला, हे आजचं नाही, फार जुनं आहे. किडनीपर्यंत गेलंय, रक्ताच्या रिपोर्टात दिसतंय. बीपी नीट सांभाळलेलं असेल, रोजची गोळी चालू असेल, तर माणूस ह्या आजाराशी लढतो. असं उघडं सोडलेलं असलं तर कठीण. मग पुढच्या स्ट्रेचरकडे गेला.

दोन रुपयांची गोळी. बाबांच्या डब्यातली एक दिली असती तरी चाललं असतं.

१८ एप्रिल

आई सकाळी बोलली. बाबांनी गोळी घेतली का, विचारत होती.

१९ एप्रिल

आई गेली. दुपारी.

२० एप्रिल

काल बाहेरच्या माणसांना बोलावणं नव्हतंच. प्रशिक आणि मी. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली आई, दोऱ्या बांधलेल्या, वर कागदाच्या चिठ्ठीत नाव — कलावती मेश्राम. स्मशानात रांग होती. दहा दिवसांपूर्वी गोळ्यांसाठी उभी होती तशीच पुन्हा रांगेत. प्रशिकने मास्कमधूनच त्रिशरण म्हटलं, पंचशील अर्धं राहिलं. पुढचे लोक घाई करत होते.

घरी आलो आणि प्रशिक म्हणाला, बाबांना सांगायचं नाही.

तो म्हणाला, डॉक्टरनेच सांगितलंय — बीपी वरखाली होऊन राहिलं, धक्का लागू देऊ नका. बाबांना कळलं तर तेही जातील. ‘एक तं गेली दीदी. दोघांले घालवाचं आहे का?’ त्याचे डोळे सुजलेले होते. मला त्याच्यावर रागावता येईना. रीनाने बाबांना जातभाईंच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून काढलं, तिथे श्रद्धांजलीचे हात जोडून जोडून ढीग लागला होता. गावोगावी फोन केले — बाबांना फोन करू नका, बीपी आहे.

सकाळी बाबांचा फोन आला. ‘कलावतीले दे.’ मी म्हटलं, आईचा घसा बसलाय, बोलता येत नाही. बाबा म्हणाले, ‘बसला तं बरं झालं. चाळीस वर्षाआधीच बसाले पाहिजे होता.’

फोन ठेवून मी न्हाणीघरात गेले. नळ सोडला. नळाच्या आवाजात रडले. काल आई गेली आणि आज मी हळू रडते आहे!

२१ एप्रिल

दवाखान्याच्या फाटकावर घरचा डबा घेतात. बाबांचं फर्मान: दवाखान्याचं जेवण घशाखाली उतरत नाही, कलावतीच्या हातचं पाठवा. तेव्हा डबा चालू. वरण, दोन पोळ्या, दुधी, मीठ बेताचं. प्रशिक लॉकडाऊनचा पास खिशात घालून घेऊन जातो. आई दवाखान्यात होती तेव्हा तिला कोणी डबा नेला नव्हता. तिथे बाहेरचं जेवण आत सोडत नव्हते, हे खरं आहे. पण आम्ही विचारलंही नव्हतं.

दुपारी बाबांचा फोन — पोळी जाड आहे. ‘तिले म्हणा, आजाराचं नाटक पुरे झालं.’

२४ एप्रिल

बाबांनी आता व्हिडिओ कॉल सुरू केले.

पहिला कॉल आला तेव्हा रीना धावली आणि भिंतीवरून आईचा फोटो काढला. हार घातलेला नव्हता, नुसता फोटो होता, तरी काढला. दुसऱ्या दिवशी तिने डोकं लढवलं. आईची हिरवी साडी धुऊन मागच्या दोरीवर टाकली आणि फोन असा धरला की मागे साडी दिसावी. ‘मम्मी नहा रही हैं, पापाजी.’ बाबांनी साडीकडे पाहिलं. ‘ह्या वेळेले आंघोळ?’ म्हणाले.

उरल्याच्या चिमण्यांची काजळी दुपारपर्यंत दोरीवर बसते. साडी काळी होते. म्हणून रीना रोज ती साडी धुते आणि रोज वाळत घालते, अगदी जिवंत बाईची धुवावी तशी. पहिल्या दिवशी तिला आईचा वास होता. आता निरमाचा आहे.

२५ एप्रिल

मामांचा फोन. शालिग्राम मामा, आईचा एकुलता एक भाऊ, गोंदियाला असतात. लॉकडाऊनमुळे बहिणीचं तोंड पाहता आलं नाही. पुण्यानुमोदन कधी ठेवता, विचारत होते. भन्तेजी तिकडून फोनवर परित्राण म्हणतील, तुम्ही चार जण घरात बसा, दिवा लावा, एवढंच करा.

प्रशिक म्हणाला, बाबा आल्यावर. आता केलं आणि कोणाच्या तोंडून बाबांच्या कानावर गेलं तर?

मामा काही सांगायला गेले आणि मध्येच थांबले. मग म्हणाले, ‘माही बहीण मेल्यावरही त्याच्या बीपीले भेऊनच राहून राहिली ना.’ आणि फोन ठेवला. स्पीकरवर होता, सगळ्यांनी ऐकलं. प्रशिक डबा भरायला लागला.

संध्याकाळी भीमाबाई काकू आल्या आणि फाटकातच हंबरडा फोडला. पंधरा वर्षांपासूनची मैत्रीण त्यांची. नेमका बाबांचा कॉल चालू होता. रीनाने दार लावून घेतलं. त्यांच्या तोंडावर!

२६ एप्रिल

‘बाबा, आई गेली.’ तीन शब्द.

न्हाणीघरात म्हणून पाहते. हळू, मग थोडं मोठ्याने. वेगवेगळ्या पद्धतीने. रडत म्हणायचं की सरळ म्हणायचं? हे तीन शब्द मी आत्ता उचलून फोनमध्ये टाकले तर तिकडे त्यांच्या दंडावरचे आकडे चढतील — दोनशे, दोनशे वीस. जे सगळं आयुष्य होईल होईल म्हणून धमकावलं ते एकदाचं होईल.

मला हा विचार करताना बरं वाटतं. खोटं काहून लिहू? भाजी चिरता चिरता हसू आलं. रीनाने विचारलं, ‘क्या हुआ दीदी?’ काही नाही, म्हटलं.

२७ एप्रिल

आज फोनवर बाबा म्हणाले, ‘तिले सांगा, मी आलो की पाहतो. नवरा मराले टेकला अन् ही फोनवर यायले तयार नाही.’

माझ्या तोंडात आलं होतं. ‘बाबा,’ म्हटलंही. ते म्हणाले, ‘काय?’ पलीकडून मशीनची टीक टीक ऐकू येत होती. प्रशिक समोर होता, त्याने हात जोडले. माझा भाऊ माझ्यापुढे हात जोडून उभा. तोही अनाथ व्हायला घाबरतो, हे मला त्या क्षणी दिसलं.

‘उद्या भाजी कोणती पाठवू?’ विचारलं.

झुनका, म्हणाले.

२९ एप्रिल

बाबांच्या तोंडाला चव आली! डॉक्टर म्हणतात, धोका टळला. ऑक्सिजन काढला. रोजची गोळी वर्षानुवर्षं चुकवली नाही, बीपी काबूत होतं, म्हणून निभावलं — असं डॉक्टर प्रशिकला म्हणाला. ‘आपकी मम्मी ने बहुत ध्यान रखा होगा.’ प्रशिक ‘हव’ म्हणाला आणि जिन्यात बसून राहिला.

दुपारी बाबांचा फोन. कालचा झुनका चांगला झाला होता. ‘आता कुठं हाताले चव आली तिच्या.’

झुनका रीनाने केला होता. आधी तिला आनंद झाला, मग ती ओट्याला धरून खाली बसली.

२ मे

उद्या बाबांना दवाखान्यातून सुट्टी मिळणार. घरात पुन्हा बैठक.

प्रशिकचं म्हणणं — महिनाभर थांबू. आई गोंदियाला मामांकडे गेली आहे, लॉकडाऊनमध्ये अडकली, असं सांगू. रीनाने सगळी तयारीही केली: कधी गेली, कोणत्या गाडीने गेली, कोणाबरोबर गेली. मी म्हटलं, नाही. आणखी एक दिवस नाही. माझ्या आईला मरून दोन आठवडे होत आले आणि अजून तिच्या नावाने ह्या घरात एक दिवा लागला नाही. मी सांगणार. बाबा मेले तर माझ्या डोक्यावर.

प्रशिक ओरडला. खरंच ओरडला — ह्या घरात! बाबा नव्हते म्हणून. मग दोघंही दचकून गप्प झालो.

शेवटी डॉक्टरला विचारलं. तो म्हणाला, एक रात्र घरी आराम होऊ दे, मग बसवून सांगा, बीपी मोजत राहा, जास्त चढलं तर ही गोळी द्या आणि लगेच आणा. एक छोटं पाकीट दिलं.

३ मे

बाबा आले. बारीक झालेत. दाढी वाढली आहे. चपला दाराशी काढल्या, खुर्चीत बसले, चहा मागितला. रीनाने दिला. पंखा किती हळू फिरतो म्हणाले. झेंडा अजून छतावर आहे, काजळी बसली असेल, उतरवून धुवा म्हणाले.

आम्ही तिघं गोंदियाची गाडी जिभेवर घेऊन उभे. न जाणो, रात्रीच्या आतच विचारलं तर तेवढ्यापुरतं तरी. त्यांनी विचारलंच नाही. जेवले. हात धुतले. आईच्या पलंगावर तिची उशी होती, तीही आपल्या डोक्याखाली घेतली आणि झोपले. एकदाही विचारलं नाही — ती कुठे आहे?

प्रशिक म्हणतो, कमजोरी आहे, लक्षात आलं नसेल. रीना म्हणते, रागावले आहेत मम्मीवर, म्हणून विचारत नाहीत. मला काही सुचत नाही. मला वाटलं होतं, सांगताना मजा येईल. आता वाटतं, मरू नयेत. माझ्या तोंडच्या शब्दाने तरी नको.

उद्या सकाळी.

४ मे

सांगितलं. प्रशिकने पट्टा आधीच बांधला होता. गोळी रीनाच्या मुठीत. मी खाली त्यांच्या पायाशी बसले आणि म्हटलं, बाबा, आई गेली.

‘हव. मले माहीत आहे,’ बाबा म्हणाले. ‘त्याच दिवशी शालिग्रामचा फोन आला होता, रडत होता. पोराइले सांगू नको, म्हटलं त्याले.’

मग प्रशिकने विचारलं, तरी रोज आईला फोन द्या म्हणून काहून म्हणत होते?

‘तसं केलं नसतं तं तुम्हाले समजलं असतं, मले समजलं म्हणून. मग तुम्ही रोज फोनवर रडले असते माझ्यापाशी. डॉक्टर म्हणे, टेन्शन घ्याचं नाही. मी नाही घेतलं.’

मशीन वाजलं. १२४/८०. त्यांनी चष्मा लावून आकडे नीट पाहिले आणि आम्हालाही दाखवले. ‘पाह्य. एकदम नॉर्मल.’